खारे पाणी आणि ॲल्युमिनियम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बेळगाव शहरातून समुद्र दिसत नसला, तरी उद्यमबाग, मच्छे आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत ओतलेला, कातलेला आणि जोडलेला माल चोर्ला किंवा आंबोली घाट उतरून गोवा, वेंगुर्ले, मालवण आणि कारवारच्या किनाऱ्यावर पोचतो, आणि खाऱ्या पाण्यात टिकला नाही तर तक्रारीसह घाट चढून परतही येतो. अशा तक्रारींविषयीच्या पत्रांपैकी ॲल्युमिनियमसंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : आमच्या लहान फाउंड्रीत ए.डी.सी. १२ या मिश्रधातूची प्रेशर डाय-कास्टिंग केली जातात. कारवार भागातील एका ग्राहकाला आम्ही बोटीवरील समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपांची झाकणे पावडर कोटिंग करून पुरवली. ती पितळी बॉडीवर स्टेनलेसच्या स्टडनी बसवली होती. एका हंगामातच त्यांवर पांढरे फुगवटे येऊन ती परत आली. ओतकाम सदोष असल्याचे ग्राहकाचे म्हणणे आहे, पण आमच्या स्पेक्ट्रो रिपोर्टमध्ये (धातूतील घटकांच्या तपासणी अहवालात) तांबे २.४ टक्के, म्हणजे मर्यादेतच आहे. एक झाकण सोबत पाठवत आहोत. पुढची झाकणे कशाची ओतावीत? — एक फाउंड्रीचालक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आपला रिपोर्ट बरोबर आहे आणि ग्राहकाची झाकणेही खरोखरच खराब झाली आहेत; या दोन गोष्टींत विरोध नाही. ए.डी.सी. १२ मध्ये तांबे १.५ ते ३.५ टक्के असतेच, आणि ते ताकद व यंत्रणसुलभता यांसाठी मुद्दाम घातलेले असते. गिअरबॉक्सची आवरणे किंवा इंजिनाचे भाग यांसाठी हा मिश्रधातू उत्तम आहे, परंतु समुद्राच्या पाण्यात सतत भिजणाऱ्या भागासाठी तो निवडणे हीच मुळात चुकीची सुरुवात होती.

आपण पाठवलेले झाकण आम्ही करवतीने मधोमध कापून पाहिले. पांढरा फुगवटा वाळलेला असेल तर नखाने भुकटी होऊन पडतो आणि पाण्यात भिजवला की बुळबुळीत होतो, कारण तो ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड आहे. त्याच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे तोंड असलेला खड्डा दिसतो; आत मात्र तो रुंद होत गेलेला, काळपट भिंतींचा आणि काही ठिकाणी भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंत उतरलेला आहे. असे खड्डे झाकणाच्या मोकळ्या पृष्ठभागावर जवळजवळ नाहीत. ते स्टडच्या भोकांच्या कडेला, फ्लँजच्या धारेवर आणि जेथे पाना घसरून रंग खरवडला गेला आहे तेथे आहेत. कोटिंग जेथे शाबूत आहे तेथे खालचा धातू अजून चकचकीत आहे. यावरून ओतकामाला दोष देण्याचे कारण दिसत नाही.

येथे तीन कारणे एकावर एक चढली आहेत. पहिले कारण धातूच्या आतच आहे. मिश्रणातील तांबे ॲल्युमिनियमशी संयोग पावून सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे राहते, आणि खाऱ्या पाण्यात हे कण कॅथोड (म्हणजे स्वतः न झिजता शेजारच्याला झिजवणारे टोक) बनून आपल्याच शेजारचे ॲल्युमिनियम झिजवतात. दुसरे कारण पितळ आणि स्टेनलेस यांची संगत. समुद्राच्या पाण्यात रौप्य-रौप्य क्लोराइड या मोजमापाच्या प्रमाण इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजले, तर ॲल्युमिनियमचे मिश्रधातू साधारण उणे ०.७५ ते उणे १.० व्होल्टच्या दरम्यान, पितळ उणे ०.३ ते उणे ०.४ च्या आसपास आणि निष्क्रिय अवस्थेतील स्टेनलेस शून्याच्या किंचित खाली बसते. हे धातू एकमेकांना टेकलेले आणि एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असले, की एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. खात्री करून घ्यायची असल्यास बादलीभर पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून एक झाकण व एक स्टेनलेसचा बोल्ट एकमेकांना न टेकवता सोडावा आणि मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टच्या पुढचा आकडा दिसणे स्वाभाविक आहे.

तिसरे कारण आपल्याला कदाचित पटणार नाही, पण आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे : आपण रंग चुकीच्या धातूला लावलात. झाकणाला कोटिंग केले आणि पितळी बॉडी उघडी राहिली. त्यामुळे संपूर्ण बॉडी हा मोठा कॅथोड झाला आणि कोटिंगला जेथे चरा पडला तेवढीच ॲल्युमिनियमची टिकली ॲनोड, म्हणजे झिजणारे टोक, म्हणून उरली. एवढ्या मोठ्या पितळी पृष्ठभागाला लागणारा सगळा प्रवाह त्या टिकलीतून निघतो आणि तेथे झीज इतकी एकवटते, की कोटिंग नसते तर भोक पडायला कदाचित अधिक काळ लागला असता. दोन वेगळे धातू जोडावे लागले आणि एकालाच रंग देणे शक्य असले, तर तो अधिक टिकाऊ, म्हणजे कॅथोड होणाऱ्या धातूला द्यावा. हा नियम ऐकायला उलटा वाटत असला, तरी जहाजबांधणीत तो जुना आहे. उलट दिशेने पाहिले, तर मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात मोजके स्टेनलेस बोल्ट एकवेळ चालतात, पण स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट कधीही चालणार नाहीत.

या चुकीचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ‘डिफेंडर’ या शर्यतीच्या नौकेचे आहे. १८९५ मध्ये बांधलेल्या या नौकेला वजन वाचवण्यासाठी पाण्याखाली मँगनीज ब्राँझचे पत्रे, वर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि आत पोलादी सांगाडा दिला होता. त्या वर्षीचा अमेरिकाज कप तिने जिंकला, पण धातूंची ही जुळणी समुद्रात टिकली नाही आणि १९०१ मध्ये नौका मोडीत काढावी लागली.

आता पुढच्या झाकणांविषयी. केवळ मिश्रधातू बदलून आणि नायलॉनचे बुश व वॉशर घालून भागेल, असे आम्ही सांगणार नाही; कारण पितळावरून वाहत येणारे पाणी तांब्याचे आयन सोबत आणते, ते ॲल्युमिनियमवर तांब्याच्या बारीक कणांच्या रूपाने बसतात आणि विद्युत जोडणी पूर्ण तोडलेली असली तरी प्रत्येक कणाभोवती खड्डा पडू लागतो. बॉडी पितळीच राहणार असेल तर झाकण गनमेटलचे (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे) ओतून द्यावे, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे, मग त्यात आपली ऑर्डर दुसऱ्या फाउंड्रीकडे गेली तरी. बॉडीही ॲल्युमिनियमची करायला ग्राहक तयार असेल, तर एल.एम. ६ घ्यावे. त्यात सिलिकॉन १० ते १३ टक्के आणि तांबे जास्तीत जास्त ०.१ टक्के असते, वितळलेला धातू साच्यात उत्तम पळतो आणि गळती होत नाही. मात्र कातताना टूल लवकर बोथट होते, ही तक्रार आपले टर्नर करणारच. अधिक ताकद लागणार असेल तर एल.एम. २५ ला टी-६ उष्णता-उपचार द्यावा.

एल.एम. ६ ओतायला घेतलात तर भंगाराबद्दल फार कडक राहा. जुने पिस्टन, तांब्याच्या नळीसकट आलेले रेडिएटर आणि मोटारींची वायंडिंग न काढलेली आवरणे एकदा मुशीत गेली, की त्यांतील तांबे साध्या भट्टीत काढून टाकता येत नाही; फक्त शुद्ध इनगॉट घालून ते पातळ करता येते. ए.डी.सी. १२ साठी वापरलेल्या मुशीत लगेच एल.एम. ६ वितळवल्यासही तांबे मर्यादेबाहेर जाऊ शकते, म्हणून मूस वेगळी ठेवावी आणि रिपोर्ट प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, घ्यावा. लोखंडही ०.६ टक्क्यांच्या आत ठेवावे लागेल. प्रेशर डाय-कास्टिंगमध्ये धातू साच्याला चिकटू नये म्हणून लोखंड थोडे अधिक लागते, तेव्हा या मालासाठी ग्रॅव्हिटी डाय किंवा वाळूचा साचा अधिक सोयीचा ठरेल.

प्रश्न : ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर आपोआप तयार होतो, असे पुस्तकात आहे. मग समुद्रात त्याला खड्डे का पडतात? आणि खड्डे पडू लागले की भोक पडेपर्यंत ते थांबतच नाहीत का? — बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : तो थर खरा आहे, पण फक्त काही नॅनोमीटर जाडीचा आहे, आणि सामान्यतः पाण्याचा पी.एच. सुमारे ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तरच तो टिकतो. समुद्राच्या पाण्याचा पी.एच. सुमारे ८.१ असल्यामुळे त्या दृष्टीने काही बिघडत नाही. बिघडवतो तो क्लोराइड, आणि समुद्राच्या एका लिटरमध्ये तो सुमारे १९ ग्रॅम असतो. थरातील दुबळ्या जागी, म्हणजे बहुधा लोखंड किंवा तांबे असलेल्या सूक्ष्म कणाच्या शेजारी, क्लोराइड आत शिरतो. आत विरघळलेले ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन आयन सोडतात, खड्ड्यातील पी.एच. ३-४ पर्यंत उतरतो, आणि विद्युतभार संतुलित राखण्यासाठी बाहेरचा आणखी क्लोराइड आत ओढला जातो. वर पांढऱ्या हायड्रॉक्साइडची टोपी बसल्यामुळे आतले आम्ल बाहेरच्या पाण्यात मिसळत नाही. बाहेरचे पाणी किंचित अल्कधर्मी असताना खड्ड्यात मात्र आम्ल साठलेले असते, ही गोष्ट लक्षात आली म्हणजे बाकीचे सोपे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. चांगल्या मिश्रधातूवर, आणि शेजारी पितळ-पोलाद नसताना, बहुतेक खड्डे काही काळाने मंदावतात किंवा बंद पडतात. दीर्घकाळ केलेल्या चाचण्यांतून असे आढळले आहे, की सर्वांत खोल खड्ड्याची खोली साधारणपणे काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पहिल्या वर्षी खड्डा १ मिलिमीटर झाला, तर २ मिलिमीटर व्हायला आठ वर्षे लागतील. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर भोक पडायला लागणारा काळ आठपट होतो, आणि म्हणूनच होड्यांचे तळाचे पत्रे ताकदीसाठी लागतात त्यापेक्षा जाड घेण्यात शहाणपण असते.

थराला ऑक्सिजन लागतो, हेही आपल्या वहीत टिपून ठेवा. वाहत्या, हवेशीर पाण्यात ॲल्युमिनियम बरे टिकते. चिखलाखाली, गॅस्केटच्या फटीत, ओल्या गोणपाटाखाली किंवा होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात ते लवकर खराब होते.

प्रश्न : माझे मावसभाऊ मालवणजवळ देवबागला पर्यटकांची ॲल्युमिनियमची बोट चालवतात. इंजिनाच्या पायाला आणि बोटीच्या तळाला लावलेले जस्ताचे ठोकळे प्रत्येक हंगामात संपतात. एका दुकानदाराने मॅग्नेशियमचे ठोकळे जास्त जोरदार असतात म्हणून सुचवले आहेत. दुसरा म्हणतो की ठोकळ्यांवर रंग मारला की ते टिकतात. काय करावे? — एक वाचक, खानापूर

उत्तर : दोन्ही सल्ले ऐकू नयेत. जस्ताचा ठोकळा बोटीऐवजी स्वतः झिजावा यासाठीच लावलेला असतो. तो संपतो आहे याचा अर्थ काम चालू आहे, आणि हंगामभर तो नवाकोरा राहिला असता तरच काळजीचे कारण होते. रंग मारला की ठोकळ्याचा पाण्याशी संबंध तुटतो आणि बोट उघडी पडते. ठोकळा निम्मा झिजला की बदलावा, आणि बसवताना खालची जागा घासून धातूला धातू भिडला आहे याची मल्टिमीटरने खात्री करावी.

मॅग्नेशियमचे विभव (पहिल्या उत्तरातले व्होल्टमधील तेच माप) समुद्राच्या पाण्यात सुमारे उणे १.६ व्होल्ट असते, तर ॲल्युमिनियमच्या बोटीला सुमारे उणे ०.९५ ते उणे १.१० व्होल्टच्या पट्ट्यात ठेवणे इष्ट असते. त्यापलीकडे फार ढकलले, की बोटीच्या पृष्ठभागालगतचे पाणी तीव्र अल्कधर्मी होते, प्रथम रंगाला फोड येतात आणि मग त्या फोडांखाली ॲल्युमिनियम विरघळू लागते. बेळगावच्या यमनापुरातील कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना वेगळा काढतात तो त्याला गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवूनच. अति-संरक्षणात बोटीच्या पत्र्यावर याच गुणधर्माचा फटका बसतो. पोलादाच्या जहाजाला अल्कधर्मी पाण्याचा असा त्रास होत नाही, त्यामुळे तेथील अनुभवावरून ॲल्युमिनियमच्या बोटीला सल्ला देणारे बहुधा येथेच फसतात.

मावसभावांनी जस्ताऐवजी ॲल्युमिनियम-जस्त-इंडियम मिश्रणाचे ॲनोड लावून पाहावेत. त्यांचे विभव उणे १.०५ ते उणे १.१० व्होल्ट असते, आणि जस्ताचा एक किलो सुमारे ७८० अँपिअर-तास देतो तेथे हे सुमारे २,५०० देतात, म्हणजे त्याच वजनात बराच अधिक काळ टिकतात. देवबागच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आहे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर झाले की जस्तावर कठीण पापुद्रा धरून ते निजल्यासारखे होते, तर इंडियमचे हे ॲनोड निमखाऱ्या पाण्यातही काम देतात. मात्र जस्त आणि हे ॲनोड एकाच बोटीवर मिसळून लावू नयेत.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट विचारून घ्या : तळाला कालवे-शिंपले धरू नयेत म्हणून कोणता रंग लावतात? बाजारात मिळणाऱ्या अशा बऱ्याच रंगांत क्यूप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबे असते, आणि तो रंग ॲल्युमिनियमच्या तळाला लावणे म्हणजे पहिल्या पत्रातील पितळी बॉडीच पत्र्यावर थापणे आहे. तांब्याचा ऑक्साइड नसलेला आणि ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकला जाणारा रंगच, खाली इपॉक्सी प्रायमरचे पुरेसे हात देऊन, लावावा. तसेच वायरिंगचे काम झाल्यावर बोटीच्या तळाशी पडलेले तांब्याच्या तारांचे तुकडे वेचून काढायला सांगा. एवढ्याशा तुकड्याखालीही, ओल राहिली तर, पत्र्याला आरपार भोक पडलेले आढळते. काम संपल्यावर इंजिन वर उचलून गोड्या पाण्याने आतून धुवावे.

प्रश्न : आम्ही ५०८३ एच-११६ या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूच्या पत्र्यापासून लहान बोटींचे भाग जोडून किनाऱ्यावर पाठवतो. अवघड वाक देताना पत्रा गॅसच्या ज्योतीने तापवतो. यात धोका आहे का? वेल्डिंगसाठी ४०४३ ची वायर शिल्लक आहे, ती चालेल का? — एक फॅब्रिकेटर, मच्छे

उत्तर : वायर चालणार नाही. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम ४.० ते ४.९ टक्के असते आणि ४०४३ मधील सिलिकॉनशी त्याचे मिश्रण होऊन जोड ठिसूळ होतो. ५१८३ किंवा ५३५६ ची वायर घ्यावी.

ज्योतीबद्दल अधिक गंभीरपणे सांगावे लागेल. एच-११६ अवस्थेतील ताकद थंड लाटण्याने आलेली असते. पत्रा लाल होत नाही म्हणून तापला नाही असे समजून ज्योत धरून ठेवली, तर ती निघून जाते, आणि २१५ मेगापास्कलच्या किमान यील्डऐवजी (कायमचा वाक येण्याच्या ताणाऐवजी) नरम अवस्थेतले १२५ च उरू शकते. शिवाय ३ टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असलेले मिश्रधातू साधारण ६५ ते २०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिले, तर मॅग्नेशियम धातूच्या स्फटिक-कणांच्या सीमांवर ॲल्युमिनियमशी संयोग पावून साखळीसारखे जमा होते आणि समुद्रात नेमकी तीच साखळी आधी विरघळते. वरून पत्रा चांगला दिसतो आणि आतून कण सुटे होत जातात. अमेरिकी नौदलाच्या टिकॉन्डेरोगा वर्गाच्या क्रूझरांवर अधिरचना (डेकवरचे बांधकाम) ५४५६ या, याहून किंचित अधिक मॅग्नेशियमच्या, मिश्रधातूची होती. तीत वर्षानुवर्षांच्या उष्णतेमुळे अशा भेगा पडल्या आणि दुरुस्तीवर मोठा खर्च झाला. त्यासाठी ज्योतही लागली नाही, ऊन आणि इंजिनाची धग पुरली.

तेव्हा वाक थंडच द्यावा, त्रिज्या मोठी ठेवावी, आणि तेवढ्याने जमत नसेल तर तो भाग दोन तुकड्यांत कापून वेल्ड करावा. एक्झॉस्टजवळच्या गरम जागी ५०५२ सारखा कमी मॅग्नेशियमचा पत्रा घ्यावा. पत्रा विकत घेताना ए.एस.टी.एम. बी-९२८ प्रमाणपत्र मागावे. त्यात नायट्रिक आम्लातील चाचणीचा निकाल असतो, आणि प्रति चौरस सेंटिमीटर १५ मिलिग्रॅमपर्यंतची घट स्वीकारार्ह, तर २५ च्या वर गेलेला पत्रा बोटीच्या कामाचा नाही. विमानभागांच्या कामामुळे २०२४ आणि ७०७५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूंची नावे आपल्या भागात आता ओळखीची झाली आहेत, आणि त्यांचे तुकडे स्वस्तात मिळाले तर ब्रॅकेटसाठी वापरण्याचा मोह होतो. परंतु २०२४ मध्ये तांबेच ३.८ ते ४.९ टक्के असते, तेव्हा ते तुकडे किनाऱ्याकडे जाऊ देऊ नयेत.

पत्र्यांची थप्पी पावसाळ्यात शेडमध्ये आडवी पडून राहत असेल, तर दोन पत्र्यांमध्ये शिरलेल्या ओलीमुळे समुद्र पाहण्याआधीच डाग पडतात. मच्छेच्या पावसात पत्रे उभे, मध्ये फळ्या घालून आणि वारा लागेल असे ठेवावेत. पोलाद ग्राइंड करायची जागाही त्यांच्यापासून लांब असावी, कारण उडालेला पोलादाचा कीस पत्र्यावर बसून गंजतो आणि त्याखाली खड्डे धरतात.

प्रश्न : कारवारला आमचे समुद्राकाठी घर आहे. ॲनोडाइझ केलेल्या खिडक्यांवर पांढरे ठिपके आले आहेत. गवंड्याने फरशी धुण्याच्या ॲसिडने पुसून पाहिले, तर ते वाढले. — एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ॲसिड ताबडतोब थांबवावे, ॲनोडाइझचा थर त्यात विरघळतो, आणि ताज्या सिमेंटच्या किंवा चुन्याच्या पाण्यातही तो तसाच जातो. साध्या पाण्यात सौम्य साबण घालून मऊ फडक्याने खिडक्या पुसाव्यात, आणि पाऊस न लागणाऱ्या, छज्जाखालच्या चौकटी अधिक वेळा पुसाव्यात, कारण तेथले मीठ धुऊन निघत नाही. खोल ठिपके आता भरून येणार नाहीत. नव्या खिडक्या घेताना समुद्राकाठासाठी २५ मायक्रॉनचा आणि नीट सील केलेला थर मागावा, तो मोजून घ्यावा, आणि लोखंडी स्क्रूऐवजी स्टेनलेसचे स्क्रू नायलॉनच्या वॉशरसह बसवून घ्यावेत.